मोटरसायकल म्युझियम पाहायला जाऊन राहिलात? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गाडी आवडणारे लोक नागपुरात गल्लोगल्ली आहेत, पण "मोटरसायकलचं म्युझियम पाहायला चला" म्हटलं की अर्धे लोक म्हणतात ते आपलं काम नाही, ते ज्यांना इंजिन खोलता येतं त्यांचं काम. हा गैरसमज निघावा म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. ओळखीतले लोक जे प्रश्न विचारतात तेच घेतलेत, क्रम काही फार विचार करून लावलेला नाही.

मला गाडी चालवता येते, बाकी काही कळत नाही. मी जाऊन काय करू?

चालवता येते ना, मग भरपूर कळतं तुम्हाला. क्लच कुठे, ब्रेक कुठे, गिअर कोणत्या पायात, हे तुमच्या अंगात बसलेलं आहे, आणि जुन्या गाडीसमोर उभं राहून फक्त एवढाच प्रश्न विचारायचा की ही मला चालवायला दिली तर मी सुरू कशी करीन आणि थांबवीन कशी. शंभर वर्षं जुन्या गाडीचं हँडल पाहिलं की त्यावर चार-पाच लिव्हर दिसतात, एक हवेचं, एक पेट्रोलचं, एक ठिणगी आधी की नंतर पडावी याचं, आणि गिअरचा दांडा चक्क टाकीच्या बाजूला, हाताने बदलायचा. तेव्हा चालवणाऱ्याला काय काय सांभाळावं लागत होतं हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. सीसी, बीएचपी पाठ असलेले लोक कितीतरी वेळा पाटी वाचून पुढे जातात आणि गाडी पाहायचीच राहते.

नागपूरवरून जायचं तर कुठे?

भारतातल्या भारतात पाहायचं तर हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, गुरुग्रामच्या पुढे, नूह जिल्ह्यात. २०१३ साली सुरू झालं. फक्त मोटरसायकलचं नाही ते, बैलगाडी-पालखीपासून रेल्वे, मोटारी, विमानापर्यंत सगळी वाहतूक आहे, पण दुचाकीवाल्या माणसाचा दिवस मजेत जातो. नागपूरवरून दिल्लीला जीटी, तेलंगणा, केरळ, तमिळनाडू अशा गाड्यांची कमी नाही, दिल्लीला उतरून पुढे टॅक्सी करायची. सोमवारी बंद असतं, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी टाकायचा प्लॅन असेल तर म्युझियमचा दिवस आधीच ठेवा. दुसरं म्हणजे अहमदाबादजवळ कठवाड्याचं ऑटो वर्ल्ड, तिथे भर मोटारींवर आहे, रोल्स रॉइस वगैरे, म्हणजे दुचाकी हा तिथला मुख्य विषय नाही हे धरून जा.

फक्त मोटरसायकल आणि मोटरसायकल, हॉलच्या हॉल भरून, असं पाहायचं तर बाहेर देशात जावं लागतं. आता आपल्याकडे बऱ्याच घरात मुलगा नाही तर मुलगी तिकडे असते, आईबाबा दोन-तीन महिने राहायला जातात आणि मॉल फिरून वापस येतात, त्यांना मी आवर्जून सांगतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियम, १९८४ ला उघडलेलं, सगळ्या गाड्या ब्रिटिश. अमेरिकेत अलाबामाला बार्बर म्युझियम, जगातला सगळ्यात मोठा संग्रह, आणि शेजारीच रेसट्रॅक. जपानमध्ये मोतेगीला होंडाचा कलेक्शन हॉल. इटलीत गेलात तर बोलोन्याला डुकाटी, मांदेल्लोला मोटो गुझी आणि पोंतेदेराला पियाजिओचं, म्हणजे वेस्पाचं. शेवटचं नाव स्कूटरवाल्यांसाठी, त्याबद्दल खाली लिहिलंय.

तिकीट, वेळ, सुट्ट्या बदलत राहतात, निघायच्या आधी त्यांच्या वेबसाईटवर पाहूनच घ्या.

बाईकनेच जायचं म्हणतोय दिल्लीकडे, कसं राहील?

जमतं, ४४ नंबरचा हायवे आहे, पेंचच्या जंगलातून शिवनीकडे निघणारा, रस्ता सुंदर आहे. पण एप्रिल-मे सोडा. नागपूरचं ऊन आपल्याला सवयीचं आहे म्हणून लोक निघतात आणि पुढे बुंदेलखंडात पण तेच ऊन भेटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, फक्त ग्वाल्हेरच्या वर धुकं असतं तेव्हा पहाटे निघू नका. आणि अहमदाबादला जाताना समृद्धीने जाऊ म्हणणाऱ्यांसाठी: समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, जुन्याच रस्त्याने जावं लागतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर ट्रेनने जा. हजार किलोमीटर चालवून थकलेला माणूस म्युझियममध्ये गाडीसमोर उभा राहत नाही, बेंच शोधतो.

किती वेळ काढून ठेवू?

मोठ्या म्युझियमला आख्खा दिवस. लहान असेल तर तीन तास. पण सगळं पाहायचं हा हट्ट सोडा. आधी एक चक्कर न थांबता मारायची, नुसतं कुठे काय आहे ते पाहायचं, मग चहा प्यायचा, आणि मग ज्या आठ-दहा गाड्या डोक्यात राहिल्या त्यांच्याकडेच वापस जायचं. शेकडो गाड्या ओळीने उभ्या असल्या की तासाभराने सगळ्या सारख्या दिसायला लागतात, हे सगळ्यांचंच होतं.

पण गाडीसमोर उभं राहून नेमकं पाहायचं काय?

हा खरा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

पहिले पाहा इंजिनची ताकद चाकापर्यंत कशी जाते. खूप जुन्या गाड्यांत चामड्याचा पट्टा दिसतो, पावसात तो घसरायचा, मग चेन आली. त्याच्याही आधी, १८९४ च्या हिल्डेब्रांड अँड वोल्फम्युलर या जर्मन गाडीत, जी विकण्यासाठी कारखान्यात बनलेली पहिली मोटरसायकल मानतात, तिच्यात क्लच नाही न् गिअर नाही, पिस्टनचे दांडे सरळ मागच्या चाकाला जोडलेले, रेल्वेच्या वाफेच्या इंजिनासारखे. म्हणजे गाडी थांबली की इंजिन पण थांबलं. जवळपास दीड लिटरचं इंजिन आणि ताकद अडीच हॉर्सपॉवर, आपल्या लुनाच्या आसपास!

मग ब्रेक पाहा. जुन्या गाड्यांना पुढच्या चाकाला ब्रेक नसायचाच किंवा सायकलसारखा रिमला घासणारा गुटका असायचा. मग ड्रम आला, आणि १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने पुढची डिस्क सर्वसामान्य गिऱ्हाईकापर्यंत आणली. त्याच गाडीत चार सिलिंडर आणि बटण स्टार्ट, आणि ब्रिटिश कंपन्या तेव्हा अजून किकच मारून राहिल्या होत्या. ब्रिटिश आणि जपानी गाडी एकामागे एक पाहिली की इंग्लंडचा धंदा काहून बसला ते पाटी न वाचता समजतं.

मग सस्पेन्शन. मागे स्प्रिंगच नाही, फक्त सीटखाली दोन जाड स्प्रिंगा, अशा गाडीवर माणसं शेकडो मैल जायची. पुढे आधी गर्डर फोर्क, म्हणजे लोखंडी चौकट आणि मधात एक स्प्रिंग, नंतर आजच्यासारखे नळीत नळी सरकणारे टेलिस्कोपिक.

हेडलाईटजवळ एक पितळी डबा दिसला तर तो सोडू नका. त्यात खाली कार्बाइडचे खडे आणि वर पाणी, थेंब थेंब पाणी पडलं की अॅसिटिलिन गॅस तयार व्हायचा आणि दिवा त्याच्यावर जळायचा. रात्री पाणी संपलं की अंधार.

आणि शेवटी इंजिनचं तेल. खूप जुन्या गाड्यांत टाकीजवळ एक हातपंप असतो, चालवणाऱ्यानेच दर थोड्या अंतराला पंप मारून इंजिनला तेल द्यायचं, आणि ते तेल जळून, गळून जायचं, वापस येत नव्हतं. विसरला तर इंजिन जाम.

आपल्या घरातल्या गाड्या असतात का? बुलेट, राजदूत, येझदी?

भारतातल्या संग्रहांत असतात आणि माझा जीव सगळ्यात जास्त तिथेच अडकतो.

बुलेटपासून सुरू करू. बुलेट हे नाव १९३२ चं, इंग्लंडच्या रेडिच गावातल्या रॉयल एनफिल्डचं. १९५५ ला मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आधी इंग्लंडवरून सुटे भाग यायचे, मग सगळं इथेच बनायला लागलं. पुढे १९७० ला इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, आणि मद्रासवाले तीच गाडी बनवत राहिले. त्यामुळे जुनी बुलेट पाहताना ब्रिटिश की भारतीय हा वाद घालत बसू नका, तिला जिवंत इथल्या हातांनी ठेवलं. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, हे आठवणीने पाहा. आणि सुरू करायची रीत: अॅम्पिअर मीटरचा काटा मधात आणायचा, डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर, दाबून पिस्टन बरोबर जागेवर न्यायचा, आणि मग अंगाचा भार टाकून किक. चुकली तर किक उलटी बसायची, पिंडरी सुजायची. हे सगळं पाटीवर लिहिलेलं नसतं. म्युझियममध्ये डिझेल बुलेट दिसली तर थांबाच, ३२५ सीसीचं ग्रीव्हज लोंबार्डिनीचं इंजिन, साडेसहा हॉर्सपॉवर, शेतीच्या पंपाला शोभेल असा आवाज. डिझेलवर चालणारी मोटरसायकल कारखान्यातून वर्षानुवर्षं बनवून विकली गेली ती आपल्याच देशात.

जावा मूळ चेक, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून निघायला लागली आणि नंतर तिचीच येझदी झाली. तिच्यात पाहायची गोष्ट म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच आहे. किक मारायची आणि तोच दांडा पुढे फिरवून गिअर टाकायचा. आणि सिलिंडर एक असूनही सायलेन्सर दोन. कारखाना १९९६ ला बंद झाला.

राजदूत १७५ पोलंडच्या एसएचएल या गाडीवरून आलेली, एस्कॉर्ट्सने काढलेली. विदर्भात खेडोपाडी दूधवाले, ग्रामसेवक, मास्तर लोक सगळे हिच्यावर. दिसायला साधी म्हणून लोक पुढे निघून जातात, तसं करू नका, या देशातली खेडी जोडली ती या गाडीने. तिचाच मोठा भाऊ राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी, १९८३ ला आली, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, तीस हॉर्सपॉवरच्या वर. आपल्याकडे पुढे डिस्क ब्रेक दिला नाही, ड्रमच दिला, आणि तेवढ्या पिकअपच्या गाडीला तो ड्रम कमी पडायचा. गाडीसमोर उभं राहून इंजिन आणि पुढचं चाक दोन्ही नीट पाहा, म्हणजे जुने लोक तिच्याबद्दल प्रेमाने आणि थोडं घाबरून काहून बोलतात ते कळेल.

यामाहाच्या आरएक्स १०० बद्दल नागपुरात कोणाला काही सांगायची गरज नाही. १९८५ ते १९९६, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, झालं.

आमच्या घरी स्कूटरच होती, मोटरसायकल कधी नव्हतीच.

मग वेस्पा आणि चेतक पाहा. वेस्पा १९४६ ची, कोर्राडिनो द'अस्कानिओ या माणसाने काढली, तो मुळात विमानांचा इंजिनिअर होता आणि त्याला मोटरसायकल आवडायच्या नाहीत, घाण होतात, चेनचं तेल कपड्यांना लागतं म्हणून. त्यामुळे त्याने इंजिन झाकलं, चेन काढून टाकली, पाय ठेवायला जागा दिली आणि पुढचं चाक एका बाजूनेच धरलं, विमानाच्या चाकासारखं. म्हणून स्टेपनी बदलणं सोपं. बजाजने आधी पियाजिओच्या लायसन्सवर वेस्पा बनवल्या आणि १९७२ ला चेतक काढली. साडी नेसलेली आई मागे, एक पोरगं पुढे उभं, गॅस सिलिंडर पायाशी, हे सगळं त्या डिझाईनमुळे जमलं. त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली, पेट्रोल संपलं की पायडल मारा. लुना शिकलेल्या बायकांच्या गोष्टी ऐकल्या पाहिजेत कोणीतरी बसून. नोकरी, शिकवणी, दवाखाना, भाजी, स्वतःच्या गाडीने जायची सुरुवात कितीतरी घरांत तिथून झाली.

वडिलांना सोबत नेऊ का? त्यांना चालायला त्रास होतो.

न्या. या पूर्ण पानावर एकच गोष्ट ऐकायची असेल तर ही ऐका. म्युझियममधली गाडी उभी असते, बोलत नाही, आवाज नाही, वास नाही. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइल किती टाकायचं, पॉइंट घासून ठिणगी कशी आणायची, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला की अजून किती जाईल, पावसात प्लग भिजला की काय करायचं, हे ज्यांनी केलं त्यांनाच माहीत, आणि ती पिढी आता सत्तरीपुढे आहे. आमचे एक काका कधी फार बोलत नाहीत, पण येझदीसमोर उभे राहिले आणि एकटेच अर्धा तास सांगत राहिले, वर्ध्याच्या रस्त्यावर क्लच वायर तुटली तर बिनाक्लचची कशी आणली घरापर्यंत, आजूबाजूचे अनोळखी पोरं पण ऐकायला थांबले होते. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून खिशात ठेवा, त्यांना सांगून ठेवा, चोरून नाही. प्रश्न मोठे विचारू नका, "तुमचा काळ कसा होता" असं विचारलं की ते दोन वाक्यांत आटपतात. "हिचा कॉक कोणत्या बाजूला होता?" असं विचारा, मग पाहा.

व्हीलचेअर, लिफ्ट, बसायला जागा याची चौकशी फोनवर आधीच करा.

मुलं कंटाळतात का?

लहान मुलं नाही कंटाळत, त्यांना साईडकार आणि तीन चाकी गाड्या शोधायला सांगा. बारा-पंधराची पोरं मोबाईल काढतात, त्यांना दुसऱ्या महायुद्धातली फ्लाइंग फ्ली दाखवा, रॉयल एनफिल्डचीच १२५ सीसीची हलकी गाडी, लोखंडी पिंजऱ्यात बांधून पॅराशूटने खाली टाकायचे. बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी पाहायला भेटते.

हात लावला तर काय होतं?

लावू नका. घामात मीठ असतं, ते क्रोमवर आणि पितळेवर डाग सोडतं, आणि रोज शंभर लोकांनी एकाच टाकीवर हात फिरवला की हाताने मारलेल्या सोनेरी रेघा पुसून जातात. त्या रेघा वापस आणता येतात पण मग त्या मूळ राहत नाहीत. हातापेक्षाही पाठीवरची बॅग आणि जॅकेटची चेन जास्त नुकसान करते, वळताना घासते आणि आपल्याला कळत पण नाही. बॅग जमा करून टाका.

ओरिजिनल गाडी आणि नवी करून ठेवलेली, फरक कसा ओळखायचा?

जी गाडी शोरूममधून निघाल्यासारखी चमकते ती बहुतेक वेळा रिस्टोअर केलेली असते. मूळ गाडीचा रंग टाकीवर गुडघे घासतात तिथे उडालेला असतो, फूटरेस्टचं रबर एका बाजूने झिजलेलं असतं, हँडलच्या मुठी हाताच्या आकाराच्या झालेल्या असतात. मला अशाच गाड्या जास्त आवडतात, त्यावर माणूस बसलेला दिसतो. नट-बोल्ट पाहा, जुन्या इंग्लिश गाडीवर नवे चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट असतील तर काम अलीकडचं आहे. काही वेळा गाडी पूर्णच प्रतिकृती असते आणि त्यात फसवणूक काही नाही. डाइमलरची १८८५ ची लाकडी गाडी, जिला पहिली पेट्रोल मोटरसायकल म्हणतात, ती मूळ १९०३ च्या आगीत जळाली, आज जगात जिथे जिथे दिसते तिथे प्रतिकृतीच आहे.

आगीवरून आठवलं, एवढ्या गाड्या एकत्र, पेट्रोल वगैरे, धोका नसतो?

असतो. बर्मिंगहॅमच्या म्युझियमला सप्टेंबर २००३ मध्ये आग लागली, नीट न विझलेल्या एका सिगारेटवरून, आणि जवळपास ३८० गाड्या गेल्या. काही अशा होत्या की तशी दुसरी जगात नव्हती. त्या लोकांनी हार मानली नाही, जळालेले सांगाडे पुन्हा उभे केले आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर २००४ ला, दारं उघडली, स्प्रिंकलर लावून. त्यामुळे आत सिगारेट, लायटर यावरून गार्ड टोकतात तेव्हा वाद घालू नका.

गाड्या चालू करून दाखवतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. बार्बरवाले मात्र बऱ्याचशा गाड्या चालू स्थितीत ठेवतात. बाकीकडे एखाद्या खास दिवशी सुरू करतात, तो दिवस साधता आला तर काहीही करून साधा, कारण उभी गाडी आणि धडधडणारी गाडी यात फार फरक आहे.

एवढं लांब जाणं जमणार नाही. नागपुरातच काही?

मोतीबागला नॅरो गेज रेल्वेचं म्युझियम आहे, कडबी चौकाजवळ. मोटरसायकल नाहीत तिथे, पण मशीनसमोर उभं राहून "हे कसं चालत असेल" असा विचार करायची सवय लावायला ती जागा एक नंबर आहे, वाफेचं इंजिन डोळ्यासमोर, दांडे चाकाला जोडलेले उघडे दिसतात. वर ज्या जर्मन गाडीचं लिहिलं तिचे दांडे समजून घ्यायला हेच पाहून घ्या आधी. आणि आपल्या वस्तीतला म्हातारा मेकॅनिक, ज्याच्याकडे अजून येझदी आणि जुनी बुलेट येते, त्याच्या दुकानात सकाळी गर्दी नसताना चहा घेऊन जा. काम थांबवू नका त्याचं, बाजूला बसून पाहा.

आमच्या अंगणात आजोबांची गाडी सडून राहिली आहे. भंगारात देऊ की म्युझियमला?

भंगारात देऊ नका, निदान लगेच नको. आधी कागद शोधा, आरसी बुक सगळ्यात महत्त्वाचं. मग इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदाशी जुळतात का ते पाहा, घासून साफ करताना नंबरावर सँडपेपर मारू नका. गाडी ५० वर्षांच्या वर असेल आणि मूळ रूपात असेल तर २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. पण त्या नंबरावर रोजचं फिरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज चालवायची असेल तर नेहमीचं पंधरा वर्षांनंतरचं रिन्यूअल, त्याची चौकशी आरटीओत करा.

तोपर्यंत टाकी रिकामी करा, जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि किक हाताने हळू दाबून पाहा, अडकली तर जोर लावू नका, मेकॅनिकला बोलवा. मेन स्टँडवर लावा, सुती चादर टाका, प्लास्टिकची ताडपत्री नको, खाली ओल धरते आणि एका पावसाळ्यात क्रोम जातं.

म्युझियमला द्यायची ठरवलीच तर गाडीसोबत आजोबांचा तिच्यावरचा फोटो आणि जुनी बिलं पण द्या, आणि काय दिलं ते लेखी घ्या.